चित्रांचें देशांतर व चित्रकारांचीं नांवें

१. जुन्या कागदांच्या संशोधनांत एक गोष्ट वारंवार अनुभवास येते. कागद मूळ घराण्यांतच राहिला तर त्याचा संदर्भहि त्याच्याजवळ राहतो. तो एकदां दप्तरांतून सुटला कीं मजकूर टिकतो, पण तो कोणी, कोणासाठीं व कोणत्या प्रसंगीं लिहिला हें सांगणारा सोबती त्यास उरत नाहीं. चित्रांची अवस्था याहून बिकट आहे. कागदावर निदान तारीख, शिक्का अथवा मोर्तब असतें. चित्रावर पुष्कळदां तेंहि नसतें. हल्लींच्या काळीं चित्रें व चित्रकार हीं दोन्हीं देशोदेशीं फिरत आहेत. प्रदर्शनें पॅरिस व व्हेनिस येथें भरतात, लिलांव लंडन व न्यूयॉर्क येथें होतात. ह्या घडामोडीची चर्चा बहुधा कलासमीक्षक करतात. परंतु ती इतिहाससंशोधकाच्याहि कक्षेंतील बाब आहे. प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें : चित्राला सीमा ओलांडण्यास वाट मिळते, चित्रकाराला ती मिळतेच असें नाहीं, आणि ह्या प्रवासांत सर्वांआधीं जें गळून पडतें तें करणाराचें नांव होय. जेथें तें टिकलें, तेथें कोणी तरी नोंद ठेविली म्हणूनच टिकलें.

२. ह्या विषयाची पाहणी करण्यास डोणगांव हें ठिकाण सोयीचें आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील हें गांव मेहकराहून मालेगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्याच्या एका अंगास वाशीम, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. दुसऱ्या अंगास, जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे, अजिंठा. १९३९ सालीं वाशीम येथें द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला व ह्या शाखेच्या इतिहासास बळकट आधार लाभला. ह्याच शाखेंतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें १६ वें लेणें कोरविलें, हें तेथील शिलालेखावरून सिद्ध आहे. तेव्हां इसवी सनाच्या पांचव्या शतकांत राजधानी व लेणीं यांमधील येजा मेहकर-डोणगांवच्या टापूंतून होत असली पाहिजे, असें अनुमान भूगोलावरून करतां येतें. शिलालेखांत राजाचा वंश आहे, मंत्र्याचा वंश आहे, दानाचें पुण्य कोणास जावें हेंहि आहे. भिंती रंगविणाराचें नांव मात्र नाहीं. नांव गळण्याची रीत परकीय अंमलाबरोबर आली नाहीं, ती घरचीच व पुरातन आहे, हें प्रथमच लक्षांत घ्यावें.

अजिंठ्याच्या चित्रांत परदेशहि आरंभापासून आहे. तेथील निळा रंग लाजवर्दाचा, आणि हा दगड अफगाणिस्तानांतील खाणींतून येत असे. १ ल्या लेण्यांत उंच टोप्या घातलेले परदेशी पुरुष दिसतात. इराणचा खुस्रू व चालुक्य पुलकेशी यांच्या भेटीचा हा देखावा, असें मत फर्ग्युसन यानें एकोणिसाव्या शतकांत मांडलें व तें पुष्कळ काळ रूढ राहिलें. लेण्यांचा काळ पांचव्या शतकांत ठरल्यावर सातव्या शतकांतील तो दरबार तेथें संभवत नाहीं, हें उघड झालें. सोबतचा लेख नसला म्हणजे पाहुण्याचें नांव तिऱ्हाइताला कल्पावें लागतें, याचें हें पहिलें उदाहरण.

३. अर्वाचीन काळीं ह्या चित्रांचा परदेशप्रवास मेजर रॉबर्ट गिल याच्यापासून सुरू होतो. मद्रास फौजेंतील ह्या अधिकाऱ्याची १८४४ सालीं अजिंठ्याच्या प्रती करण्याच्या कामावर नेमणूक झाली. त्यानें वर्षानुवर्षें तेथें राहून भिंतींवरील चित्रांच्या मोठाल्या तैलप्रती तयार केल्या. त्या लंडनास रवाना झाल्या व सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या गेल्या. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें लागलेल्या आगींत त्यांपैकीं बहुतेक जळाल्या. मूळ चित्रें निजामाच्या मुलखांतील अंधाऱ्या लेण्यांत वटवाघळांच्या संगतींत टिकून राहिलीं, आणि सुरक्षित म्हणून साम्राज्याच्या राजधानींत नेलेल्या प्रती नाहींशा झाल्या.

गिल १८७९ सालीं भुसावळ येथें मृत्यु पावला. त्याच्या अजिंठ्यांतील आयुष्याचा जो भाग सरकारी पत्रव्यवहारांत मावला नाहीं तो अजिंठा गांवांतील एका थडग्यावर आहे. पारो नांवाची स्थानिक स्त्री त्याची सहचरी होती. ती १८५६ च्या मे महिन्यांत पटकीनें वारली व त्यानें तिच्या नांवाचा दगड बसविला. त्या दगडाविना पारो हें नांव इतिहासाच्या हातीं लागलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे. ज्या गांवच्या लोकांनीं त्या दीर्घ कामांत ओझीं वाहिलीं, लेण्यांत उजेड पोंचविला व पाणी भरलें, त्यांच्यासाठीं असा दगड कोणी बसविला नाहीं.

४. गिलच्या प्रती जळाल्यावर तेंच काम पुन्हां हातीं घेण्यांत आलें. मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ पासून १८८५ पर्यंत आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यास जात व प्रती करवून घेत. एकूण प्रती सुमारें ३०० झाल्या. ह्याहि लंडनास गेल्या, आणि १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टन येथील आगींत त्यांतील पुष्कळ नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारें ग्रिफिथ्स यांचा दोन भागांचा ग्रंथ १८९६-९७ सालीं प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर नांव एकाचें आहे. हात मात्र पुष्कळांचे होते. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीं एक. ते पुढें स्वतंत्र चित्रकार म्हणून मान्यता पावले म्हणून त्यांचें नांव सर्वतोमुखीं राहिलें. इतर सहाध्यायांची ओळख संग्रहालयांतील नोंदींवरून पटवावी लागते.

याच्या उलट उदाहरण लवकरच घडलें. १९०९ ते १९११ च्या दरम्यान दोन हिवाळ्यांत क्रिस्टियाना हेरिंगहॅम ह्या बाईंनीं पुन्हां प्रती करविल्या. कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व वेंकटप्पा आले. हैदराबादेहून सय्यद अहमद व फजलुद्दीन आले. १९१५ सालीं लंडनच्या इंडिया सोसायटीनें ह्या प्रती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या, तेव्हां साहाय्य करणाऱ्या चित्रकारांचीं नांवें त्यांत छापलीं गेलीं. सय्यद अहमद पुढें अजिंठ्याच्या देखरेखीवर राहिले. काम तेंच, भिंती त्याच, प्रवासहि लंडनचाच, फरक नोंदीचा. तीस वर्षांच्या अंतरानें झालेल्या दोन उपक्रमांत सहकाऱ्यांच्या वांट्याला जें भिन्न भवितव्य आलें, त्याचें कारण छापलेल्या कांहीं ओळींत आहे.

५. ग्रिफिथ्स यांचें काम संपून तीन वर्षें झालीं असतां डोणगांवच्या शेजारीं मेहकर येथें निराळाच प्रकार घडला. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं होतें. १८८८ सालीं मेहकरांत जमिनींतून विष्णूची एक भव्य, काळ्या पाषाणाची मूर्ति निघाली. तीच शार्ङ्गधर बालाजी ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. सरकार ही मूर्ति उचलून विलायतेस नेईल ह्या धास्तीनें लोकांनीं घाईनें तिची प्रतिष्ठा केली, असें परंपरा सांगते. परंपरेंतील तपशिलाला कागदी पुराव्याचें वजन देतां येत नाहीं. परंतु त्या काळच्या लोकांस वस्तूचें देशांतर कसें दिसत होतें, हें कळण्यास तिच्याएवढें दुसरें साधन नाहीं. संग्रहालयांत गेलेली मूर्ति कलावस्तु होते, गाभाऱ्यांत बसलेली मूर्ति देवता राहते. आणि देवतेस हलविणें कोणत्याहि सरकारला जड जातें. मेहकरच्या लोकांनीं पूजा हीच मालकीची सनद मानली. शिल्पीचें नांव मात्र येथेंहि कोणी विचारलें नाहीं. वस्तु जागेवर राहिल्यानें तिचा संदर्भ राहतो. करणाराचें नांव आपोआप राहतें असें नाहीं.

६. विसाव्या शतकाच्या मध्याला चित्रांबरोबर चित्रकारहि निघाले. १९४७ सालीं मुंबईंत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप हें मंडळ स्थापन झालें. त्याच्या सहा संस्थापकांपैकीं दोघे, डोणगांव ज्या प्रांतांत होतें त्याच मध्यप्रांत व वऱ्हाडांतले : अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचे हरि अंबादास गाडे आणि मंडला जिल्ह्याकडील सय्यद हैदर रझा. दोघांचेंहि कलाशिक्षण नागपूरच्या कलाशाळेशीं निगडित होतें. गोव्यांतील सालिगांवचे फ्रान्सिस न्यूटन सोझा १९४९ सालीं लंडनास गेले; रझा १९५० सालीं फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ति मिळवून पॅरिसला गेले; मूर्तिकार सदानंद बाकरे १९५१ सालीं इंग्लंडास गेले. गाडे मुंबईंतच राहिले. जे गेले त्यांचीं नांवें जागतिक बाजारांत पोंचलीं. रझांचें ‘सौराष्ट्र’ हें चित्र २०१० सालीं लंडनच्या लिलांवांत सुमारें १६ कोटी रुपयांस विकलें गेलें. गाडे यांचें नांव त्या मानानें वऱ्हाडांतहि थोड्यांच्या ओळखीचें आहे. म्हणजे पूर्वीं देशांतरानें नांव गळत असे. आतां देशांतर न केल्यानें तें मागें पडूं लागलें. कारण एकच : कीर्तीची वही ठेवण्याचें ठिकाण परदेशीं होतें.

याच मंडळाचे मकबूल फिदा हुसेन यांचें उदाहरण सर्वांत बोलकें आहे. त्यांचा जन्म १९१५ सालीं पंढरपूर येथें झाला. १९५४ सालीं त्यांनीं ‘ग्रामयात्रा’ हें सुमारें १४ फूट रुंदीचें चित्र काढलें. त्यांत हिंदुस्थानच्या खेड्यांतील जीवनाचे १३ देखावे आहेत. दिल्लींत जागतिक आरोग्य संघटनेच्या कामास आलेल्या एका डॉक्टरानें तें विकत घेतलें व तें नॉर्वेंत नेलें. १९६४ सालीं तें ऑस्लो येथील रुग्णालयास दान मिळालें आणि अनेक दशकें तेथेंच राहिलें. इकडे हुसेन यांच्या कांहीं चित्रांवरून वाद पेटला, ठिकठिकाणीं खटले झाले व २००६ सालीं त्यांनीं देश सोडला. २००८ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें त्यांच्यावरील खटले रद्द केले, तरी ते परत आले नाहींत. २०१० सालीं त्यांनीं कतारचें नागरिकत्व घेतलें, ९ जून २०११ रोजीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें व इंग्लंडांतच दफन झालें. पुढें मार्च २०२५ मध्यें तेंच ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कच्या लिलांवांत सुमारें ११८ कोटी रुपयांस गेलें. आधुनिक भारतीय चित्रास लिलांवांत तोंपर्यंत एवढें मोल आलें नव्हतें. वादाचा न्याय करण्याचें हें स्थळ नव्हे. इतिहासाच्या दृष्टीनें नोंदवावयाचें तें एवढेंच कीं, खेड्यांचें चित्र तीन देशांत मानानें फिरलें, आणि पंढरपुरांत जन्मलेला त्याचा कर्ता अखेर दुसऱ्याच देशाच्या कागदपत्रांवर मरण पावला. चित्रास पारपत्र लागत नाहीं, माणसास लागतें.

७. आतांपर्यंतचीं उदाहरणें शहरी शिक्षण घेतलेल्या चित्रकारांचीं झालीं. वारली चित्रांची हकीकत वेगळी आहे. ठाणें जिल्ह्यांत, आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत, मोडणाऱ्या डहाणू-तलासरी भागांत वारली घरांच्या भिंतींवर लग्नप्रसंगीं तांदुळाच्या पिठानें चौक लिहिण्याची चाल आहे. पालघाट देवीचा हा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. १९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुळकर्णी यांच्या प्रयत्नानें हीं चित्रें भिंतीवरून कागदावर उतरलीं व मुंबईमार्गें बाहेर पडलीं. जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांचें नांव तेव्हांपासून गाजलें. १९८९ सालीं पॅरिस येथें भरलेल्या एका विख्यात आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें होतीं, व २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

मशे यांचें कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु संशोधकानें दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. भिंतीवरचा चौक स्त्रियांचा होता. तो लग्नापुरता असे व पुढें पुसला जाई. कागद आला तेव्हां सही आली, सही आली तेव्हां मोल आलें, आणि मोलाबरोबर बाहेर गेलीं तीं नांवें बव्हंशीं पुरुषांचीं. पिढ्यानुपिढ्या चौक लिहिणाऱ्या सवाशिणी जशा वाकाटकांचे चितारी तशाच अनामिक राहिल्या. पुढें वारली आकृति पडदे, पेले, साड्या व जाहिराती यांवर इतक्या स्वैर वापरल्या गेल्या कीं, २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशाची कायदेशीर नोंद मिळवावी लागली. ह्या नोंदीनें प्रदेशाचें व समाजाचें नांव राखलें. व्यक्तींचें राखणें हें अद्यापि संशोधकाचें काम आहे.

८. विदर्भांतून आज बाहेर जाणाऱ्या चित्रांत देशांतर हाच विषय झालेला दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यांतील सास्ती येथें १९८६ सालीं जन्मलेले प्रभाकर पाचपुते हे कोळशाच्या खाणीशीं पिढीजाद संबंध असलेल्या कुटुंबांतले. खैरागड व बडोदें येथें शिक्षण घेऊन ते २०१२ पासून मुंबईंत पुढें आले. कोळशाचा प्रदेश त्यांनीं कोळशानेंच रेखाटला : खाणींत गेलेलीं शेतें, उकरलेली जमीन, आणि डोक्याच्या जागीं अवजार किंवा यंत्र धारण केलेलीं माणसें. गांव खाणींत गेलें म्हणजे शेतकऱ्यास स्वतः कोठें न जातांहि परागंदा व्हावें लागतें. त्याच्या पायांखालची भूमिच देशांतर करते. वेल्समधील आर्टेस मुंडी हें पारितोषिक २०२१ सालीं सहा कलावंतांस विभागून मिळालें, त्यांत पाचपुते एक होते. वेल्स हाहि कोळशाचाच प्रदेश असल्यानें सास्तीची कथा तेथें परकी ठरली नाहीं. २०२२ सालीं व्हेनिसच्या मुख्य प्रदर्शनांतहि त्यांचीं चित्रें होतीं. येथें चित्र गेलें, चित्रकाराचें नांव गेलें, व गांवाचेंहि नांव गेलें. चित्रांत जीं माणसें आहेत त्यांचीं नांवें मात्र खाणीच्या हजेरीपटांत, भूसंपादनाच्या नोटिसांत व मोबदल्याच्या पावत्यांत शोधावीं लागतील. तो हजेरीपट शंभर वर्षांनंतर कोठें असेल, हा खरा प्रश्न आहे.

९. येथपर्यंतच्या विवेचनावरून संग्राहकांच्या कर्तव्याकडे यावें. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानें शंभर वर्षांवरील पुराणवस्तु, तसेंच ऐतिहासिक, वाङ्मयीन अथवा शास्त्रीय महत्त्वाचें ७५ वर्षांवरील हस्तलिखित, परवान्यावांचून देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. १९५० पूर्वींचें महत्त्वाचें हस्तलिखित याप्रमाणें ह्या कायद्याच्या कक्षेंत आलें. परंतु कायदा वस्तु अडवितो. वस्तूबरोबरची हकीकत तो राखीत नाहीं. ती राखणें संग्राहकाच्या हातीं आहे, आणि त्यासाठीं मोठ्या खर्चाची जरूर नाहीं. चित्राच्या पाठीमागची चिठी काढून टाकूं नये. चौकट बदलतांना जुन्या चौकटीवरील दुकानदाराचें लेबल जपावें. चित्र कोणाकडून, कोणत्या सालीं, किती किंमतीस घेतलें हें टिपून ठेवावें. चित्रकारांचीं पत्रें, प्रदर्शनांचीं निमंत्रणें, रेल्वेच्या व जहाजाच्या पावत्या, प्रवेशपत्रांच्या अर्जांच्या नकला हीं सामान्य कागदपत्रें समजून रद्दींत घालूं नयेत. उद्यांचा संशोधक त्यांना आजच्या सनदांइतकेंच मोल देईल.

आणि हें केवळ चित्रकारांपुरतें नव्हे. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून ऊसतोडीस जाणाऱ्या माणसांचें देशांतर दरसाल घडतें. मुकादमाच्या वहींत उचलीची रक्कम असते. नवराबायकोच्या जोडीची गणना ‘एक कोयता’ म्हणून होते, आणि त्या गणनेंत बायकोचें नांव बुडतें. मेहकर तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धि महामार्गाचे नकाशे सरकारी दप्तरांत राहतीलच, परंतु त्यासाठीं कोणाचें शेत गेलें व तो माणूस पुढें कोठें गेला, हें गांवच्याच कोणी लिहून ठेवलें तरच राहील. उद्यां एखादा चित्रकार ह्या माणसांचीं चित्रें काढील आणि तीं चित्रें व्हेनिसला जातील, तेव्हां त्यांच्या शेजारीं ठेवण्यास एक वही डोणगांवांत असावी. वाकाटकांच्या चिताऱ्यांसाठीं ती कोणी ठेविली नाहीं. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांसाठीं अर्धवट ठेविली. हेरिंगहॅमच्या सहकाऱ्यांसाठीं ठेविली गेली, म्हणूनच आज त्यांचीं नांवें घेतां येतात. ज्यांच्या संग्रहीं अशा मुकादमी वह्या, उचलीच्या चिठ्या अथवा गांवोगांव फिरणाऱ्या चिताऱ्यांचे हिशेब असतील, त्यांनीं त्यांच्या याद्या करून नजीकच्या संशोधन संस्थेकडे पाठवाव्या. मूळ कागद ज्याच्या त्याच्या घरीं राहिले तरी चालेल. यादी मात्र एकाहून अधिक ठिकाणीं असावी, कारण आग राजधानींतहि लागते.